खेळाच्या संगणकास प्रोसेसर कोणता घ्यावा?

वार्षिक परीक्षा आटोपून मे महिन्याची सुटी लागली म्हणजे आमच्याकडे एका विशिष्ट प्रकारचा कागद येऊ लागतो. तो प्रथम विद्यार्थी आणतो, आणि दोन-चार दिवसांनी तोच कागद घेऊन त्याचे वडील अथवा आई येते. कागद एकच असला तरी प्रश्न दोन असतात. विद्यार्थी विचारतो, "सर, यात आणखी भारी काय घालता येईल?" पालक विचारतात, "सर, यातले काय गाळले तर चालेल?" खेळासाठी जुळवावयाच्या संगणकाच्या भागांची ती यादी असते, आणि तिची पहिली ओळ बहुधा प्रोसेसरची असते. त्या ओळीपुढचा आकडाही बहुधा घराच्या ऐपतीबाहेरचा असतो.

संगणकावर खेळ खेळावेत की नाही, हा आजचा विषय नव्हे. त्यावर शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ वाद झालेला आहे व पुढेही होईल. परंतु ज्या घरी संगणक घ्यावयाचा असे ठरलेच आहे, त्या घरचा पैसा योग्य जागी पडावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे. आपल्या वसई-विरारकडील बहुतेक घरी हा पैसा सहज आलेला नसतो. कोणाचे वडील पहाटेची लोकल पकडून मुंबईस कामाला जातात, कोणाच्या आईने भिशीत टाकलेली वर्षाची रक्कम यासाठीच राखून ठेवलेली असते. तेव्हा प्रोसेसर म्हणजे काय, तो खेळात कोणते काम करतो, आणि त्यावर किती खर्च करणे शहाणपणाचे, हे मुलांनी व पालकांनी एकत्र बसून समजून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. प्रोसेसर ही यादीची पहिली ओळ नसावी. आधी खेळ कोणते खेळावयाचे ते ठरवावे, मग पडदा, म्हणजे मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड, आणि त्यानंतर या तिघांना पुरेल असा प्रोसेसर. पुरेल तेवढाच, त्याहून मोठा नव्हे. असे का, ते आता पाहू.

पडद्यावर चालणारा खेळ म्हणजे एकामागून एक झपाट्याने दाखविलेली स्थिरचित्रे. सामान्य पडदा एका सेकंदात साठ चित्रे दाखवितो. म्हणजे प्रत्येक चित्र तयार करावयास संगणकापाशी सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १६.७ मिलिसेकंद, एवढाच अवधी असतो. या अवधीत दोन कामे उरकावी लागतात. समजा, क्रिकेटचा खेळ चालू आहे व तुम्ही बटण दाबून चेंडू फटकावला. चेंडू कोणत्या कोनाने गेला, किती उसळला, कोणता क्षेत्ररक्षक कोठून धावला, पंचाने हात वर केला की नाही, ही सारी विचारपूस व हिशेब प्रोसेसर करतो. हिशेब झाला म्हणजे तो ग्राफिक्स कार्डास सांगतो की, अमुक वस्तू अमुक ठिकाणी आहे, आता चित्र काढ. मग गवताचा हिरवा रंग, खेळाडूची सावली, प्रेक्षकांची गर्दी, हे रंगकाम कार्ड करते. एक आखणारा, दुसरा रंगविणारा.

आता या दोघांपैकी एक मंद असला तर काय होईल? आपल्याकडील जुन्या वाड्यांतून रहाटाने पाणी काढीत, ते घरातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. रहाट विहिरीतून पाणी उपसतो व पाट ते केळींपर्यंत पोहोचवितो. रहाट मंद असेल तर पाट कितीही रुंद करा, केळीस अधिक पाणी मिळणार नाही. उलट, पाट अरुंद असेल तर रहाटाला दुसरा बैल लावून काय उपयोग? पाणी काठावरून सांडेल इतकेच. प्रोसेसर व कार्ड यांचे नाते नेमके असे आहे. जो मंद, त्याच्या चालीने सारा खेळ चालतो, आणि दुसरा हात बांधून उभा राहतो. महागडा प्रोसेसर घेऊन कार्डावर काटकसर केली, म्हणजे तुम्ही हात बांधून उभे राहणाऱ्यास अधिक पगार दिला.

येथे पडद्याचा हिशेब येतो. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. १९२० गुणिले १०८० या साध्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार, आणि ज्यास फोर-के म्हणतात त्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार. (विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा.) पडदा साध्यावरून फोर-केवर नेला तर रंगविणाऱ्याचे काम चौपट होते. आखणाऱ्याचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते, कारण चेंडू एकच, क्षेत्ररक्षक तेच अकरा. म्हणून मोठ्या व बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर खेळणाराने पैसा कार्डात घालावा. याच्या उलट, साध्या पडद्यावर सेकंदास १४४ किंवा २४० चित्रे हवी असणाऱ्यास प्रोसेसर चपळ लागतो. १४४ चित्रांच्या हिशेबात आखणी करावयास सातच मिलिसेकंद मिळतात. पण घरचा पडदा साठच चित्रे दाखविणारा असेल, तर शंभराव्या व दोनशेव्या चित्रासाठी मोजलेला पैसा डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत ही विसंगती वारंवार आढळते. पहिल्या ओळीत राजेशाही प्रोसेसर, आणि शेवटी कंसात 'मॉनिटर जुनाच'.

खेळाची जातही पाहावी. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या नेमबाजीच्या खेळांत चित्रे साधी असतात, कार्डास फार श्रम पडत नाहीत, आणि चित्रांची संख्या प्रोसेसरवर ठरते. सिटीज स्कायलाइन्ससारख्या नगर वसविण्याच्या खेळात हजारो नागरिकांचे येणे-जाणे हिशेबात धरावे लागते, तेथेही प्रोसेसरचाच कस लागतो. सायबरपंक २०७७ यासारख्या देखण्या कथाखेळांत भार मुख्यतः कार्डावर पडतो. मुलगा कोणता खेळ खेळणार हे विचारल्याशिवाय जो दुकानदार प्रोसेसर सुचवितो, त्याच्या दुकानातून उठावे.

आता प्रोसेसरकडे वळू. पालकांच्या पिढीने संगणकाची परीक्षा एकाच आकड्याने केली, तो म्हणजे गिगाहर्ट्झ. प्रोसेसर एका सेकंदात किती ठोके घेतो, त्याचे ते माप. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ या नावाचा एका चकतीवरचा पहिला प्रोसेसर विक्रीस काढला, त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते व तो सेकंदास साडेसात लाखांच्या आत ठोके घेई. १९९३ च्या पेंटियमने सहा कोटींपासून आरंभ केला. त्या पेंटियमच्या निर्मितीत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, हे येथे सांगण्यासारखे आहे. पुढे तेच गृहस्थ नेक्सजेन या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने घेतली, आणि इंटेलशी टक्कर देणाऱ्या एएमडीच्या के-६ या प्रोसेसरशीही त्यांचे नाव जोडले गेले. शाळेच्या पटांगणावर इंटेलवाले व एएमडीवाले असे दोन तट पाडून भांडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा. कंपनी ही काही आपली जात नव्हे की तिच्यासाठी भांडावे. ज्या वर्षी, ज्या किमतीत, जिचा माल चांगला, तिचा घ्यावा.

ठोक्यांची ही शर्यत फार काळ टिकली नाही. २००४ साली इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ आणण्याचा बेत रद्द केला, कारण ठोके वाढविले की उष्णता आवरेना. चार गिगाहर्ट्झचा पल्ला त्या कंपनीस गाठावयास पुढे २०१४ साल उजाडले. मधल्या काळात कारागिरांनी दुसरी वाट धरली. एकाच चकतीवर दोन, चार, सहा, आठ प्रोसेसर शेजारी शेजारी बसविले. यांसच कोअर म्हणतात. शिवाय त्याच एका ठोक्यात अधिक काम उरकण्याची हातोटी पिढीगणिक वाढत गेली. म्हणून २०१२ सालचे ३.५ गिगाहर्ट्झ व २०२२ सालचे ३.५ गिगाहर्ट्झ हे समान नव्हेत. दोन वेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी ताडून पाहणे व्यर्थ आहे.

मग कोअर जितके अधिक तितके उत्तम काय? खेळाच्या बाबतीत तसे नाही. लग्नाच्या घरी दहा आचारी असले तर दहा चुलींवर दहा पदार्थ एकदम शिजतील, परंतु एका पातेल्यातील भात दहा आचाऱ्यांनी ढवळल्याने लवकर शिजत नाही. खेळातील पुष्कळसे काम एका पातेल्यातील भातासारखे असते. चेंडू कोठे पडला हे कळल्यावाचून क्षेत्ररक्षकाने कोठे धावावे हे ठरविता येत नाही. चित्रपटाचे संकलन करणारास बारा-सोळा कोअर लाभदायक ठरतील. खेळणाऱ्यास आज सहा कोअर पुरतात, आठ असले तर पुढील काही वर्षांची सोय होते, आणि त्यापुढील कोअरांसाठी मोजलेला पैसा खेळात क्वचितच दिसतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ पासून, काही प्रोसेसरांत मोठे व लहान असे दोन प्रकारचे कोअर असतात. जाहिरातीत दोहोंची बेरीज करून मोठा आकडा छापलेला असतो, तेव्हा त्यातील मोठे किती हे विचारावे.

आता ज्या गोष्टीकडे विद्यार्थ्यांचे क्वचितच लक्ष जाते आणि जिच्यावर खेळाची गती फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, तिचे नाव कॅश. हा शब्द रोख पैशाच्या शब्दासारखा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ आहे हाताशी ठेवलेला साठा. स्वयंपाकघरात पाहा. हळद, तिखट, मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी असते. डाळ-तांदूळ फडताळात. वर्षाचे साठवण कोठीच्या खोलीत. आणि जे घरात नाही त्यासाठी बाजार. फोडणी करता करता प्रत्येक चिमटीसाठी कोठीच्या खोलीपर्यंत जावे लागले तर तेल जळून जाईल. प्रोसेसरचेही असेच आहे. त्याचा मिसळणाचा डबा चार-पाच ठोक्यांच्या अंतरावर असतो. फडताळ, म्हणजे तिसऱ्या पायरीचा कॅश, सुमारे पन्नास ठोक्यांवर. कोठीची खोली म्हणजे रॅम, आणि तेथे जाऊन येण्यात तीन-साडेतीनशे ठोके सहज जातात. तेवढा वेळ तो कोअर, पाच गिगाहर्ट्झचा असला तरी, जवळजवळ रिकामा बसून राहतो.

हे ओळखून एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला. त्यात कॅशचा एक जास्तीचा थर चकतीवर माळ्यासारखा चढविला, व ३२ मेगाबाइटचे फडताळ ९६ मेगाबाइटचे केले. त्याचे ठोके त्याच्या साध्या भावंडाहून कमीच होते. तरीही अनेक खेळांत तो पुढे गेला, आणि नगर वसविण्याच्या व रणनीतीच्या खेळांत तर फारच पुढे. २०२३ चा ७८००एक्स३डी व नोव्हेंबर २०२४ चा ९८००एक्स३डी हे त्याच वंशातले. शेवटच्यात तो थर कोअरांच्या वर न ठेवता खाली ठेवला आहे, म्हणजे कोअरांची उष्णता थेट वर पंख्याकडे निघून जाते. ज्यास खर्चाची चिंता नाही व केवळ खेळच खेळावयाचे आहेत, त्याने याच वंशातला घ्यावा. बाकीच्यांनी निदान एवढे करावे की, कोअर सारखेच असलेल्या दोन प्रोसेसरांत निवड करताना तिसऱ्या पायरीचा कॅश किती हे पाहावे.

जाता जाता एक तुलना सांगण्याचा मोह आवरत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टीआयएफआरएसी हा भारतात घडविलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. खोली भरून टाकणाऱ्या त्या यंत्राची सारी स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने दहा किलोबाइटची होती. आज बाजारात मिळणाऱ्या मध्यम प्रोसेसरच्या एका कोअरचा केवळ मिसळणाचा डबाच याहून तिप्पट मोठा असतो.

आता नावांकडे येऊ, कारण पालकांची फसगत येथेच होते. आय-३, आय-५, आय-७, आय-९ ही नावे इयत्तेसारखी वाटतात, जणू सातवीचा मुलगा पाचवीतल्याहून पुढे असणारच. पण हा आकडा फक्त त्या पिढीतला दर्जा सांगतो. पिढी कोणती, हे त्यापुढील आकड्यात असते. आय-७ ३७७० यातील पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. आय-३ १२१०० यातील १२ म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दोहोंतही चारच कोअर आहेत. परंतु खेळात आय-३ हा त्या आय-७ ला सहज मागे टाकतो.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका पालकांनी बोनसच्या पैशातून मुलासाठी एक संगणक घेतला. दुकानदाराने 'आय-७ गेमिंग' म्हणून सांगितले, पेटीस रंगीबेरंगी दिवे होते, व किंमतही मोहात पाडणारी होती. आत निघाला तिसऱ्या पिढीचा आय-७. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी व त्यापुढीलच प्रोसेसर ग्राह्य धरले आहेत. येथे ती प्रणाली आडमार्गाने बसविलेली होती. मुलास व्हॅलोरंट खेळावयाचा होता. त्या खेळाचा राखणदार, व्हॅनगार्ड, विंडोज ११ वर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असल्याखेरीज खेळ उघडू देत नाही, आणि त्या जुन्या मदरबोर्डावर ती नव्हती. विंडोज १० वर परत जावे, तर तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुकानदाराने पैसे परत देण्याचे नाकारले, कारण बिलावर पिढी लिहिलेलीच नव्हती. नवा प्रोसेसर बसवू म्हटले तर मदरबोर्ड जुळेना. जुनी रॅम डीडीआर-३ जातीची, तीही नव्यास चालेना. अखेर कामास आले ते पेटी, कळफलक आणि एसएसडी. मुलगा समजूतदार होता, तो वडिलांना काही बोलला नाही. वडिलांनी मात्र आम्हांस विचारले, "सर, त्याने आय-७ म्हटले तेव्हा मी आणखी काय विचारायला हवे होते?" या लेखातील पुढील भाग त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

विचारावयाचे ते असे. प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, बिलावर लिहून मागावे. त्या अक्षरांसही अर्थ आहे. इंटेलच्या नावाअखेर 'एफ' असेल तर प्रोसेसरच्या पोटात चित्र काढण्याची सोय नाही, वेगळे कार्ड लागेलच. 'के' असेल तर ठोके वाढविण्याची मुभा आहे, पण त्यासाठी महाग मदरबोर्ड व मोठा पंखा लागतो. शाळकरी मुलास याची गरज नाही. एएमडीच्या नावाअखेर 'जी' असेल तर पोटात बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. रायझन ५ ५६००जी हा २०२१ चा प्रोसेसर असाच आहे. आज कार्ड परवडत नाही, पण अभ्यास, शाळेचे प्रकल्प व साधे खेळ व्हावेत, अशा घरी तो योग्य ठरतो. त्याचा कॅश मात्र निम्मा, १६ मेगाबाइट आहे. म्हणून पुढे मोठे कार्ड घेतल्यास तो त्याच्या ५६०० या भावापेक्षा मागे पडतो, हे आधीच जाणून घ्यावे.

दुसरा प्रश्न मदरबोर्डावरील खाचेचा, म्हणजे सॉकेटचा. एएमडीचे एएम-४ हे सॉकेट डीडीआर-४ रॅम घेते. त्याचे प्रोसेसर स्वस्त मिळतात, पण त्याचा वंश आता खुंटला आहे. २०२२ साली आलेले एएम-५ केवळ डीडीआर-५ रॅम घेते, आणि त्यावर २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देत राहू असे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे आज सहा कोअरांचा घेतला, तर दोन-तीन वर्षांनी मदरबोर्ड न बदलता अधिक चांगला बसविण्याची आशा ठेवता येते. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे. त्यावर डीडीआर-४ चा बोर्ड घ्यावा की डीडीआर-५ चा, हे खरेदीपूर्वी ठरवावे लागते, कारण एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. २०२४ च्या अखेरीस इंटेलने कोअर अल्ट्रा या नावाने नवे प्रोसेसर व नवे सॉकेट आणले. वीज कमी खाणारे असले तरी अनेक खेळांत ते आधीच्या पिढीहून सरस ठरले नाहीत. तेराव्या व चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांत अधिक व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, सुधारणा दिली, व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. कोणी असा प्रोसेसर वापरलेला म्हणून विकू लागला तर सावध असावे. बाराव्या पिढीस हा दोष नाही.

रॅमबद्दल एवढेच की, २०२५ च्या अखेरीस तिच्या किमती एकाएकी भडकल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी माल उचलला. त्यामुळे जुन्या याद्यांतील बेरजा आता जुळत नाहीत. जमल्यास एकाच मोठ्या पट्टीऐवजी दोन लहान पट्ट्या घ्याव्यात, कोठीच्या खोलीस दोन दारे असल्यासारखे होते.

आपल्या गावच्या हवेचा विचार कोणत्याही परदेशी परीक्षणात लिहिलेला नसतो. एप्रिल-मे महिन्यांत खोलीतच तेहतीस-चौतीस अंश, हवा दमट, किनाऱ्यालगतच्या गावांत ती खारट, आणि नव्या इमारतींच्या कामाची धूळ. अशा खोलीत २५० वॅटपर्यंत वीज खाणारा प्रोसेसर ठेवणे म्हणजे दुसरी चूल पेटविणे होय. ६५ वॅटच्या वर्गातील प्रोसेसर येथे बरा. ५६००, ७६००, आय-५ १२४०० हे त्या वर्गातले, आणि खोक्यासहित घेतल्यास त्यांचा पंखाही सोबत येतो. खोक्याविना सुटा, ज्यास ट्रे म्हणतात, तो स्वस्त पडतो, पण पंखा वेगळा घ्यावा लागतो व कंपनीची हमी सहसा मिळत नाही.

विजेचेही तसेच. पावसाळ्यात ती केव्हा जाईल याचा भरवसा नाही. जुलै २०१८ च्या पुरात आपल्याकडील वस्त्या पाण्यात व अंधारात होत्या, ते येथील कोणी विसरलेला नाही. म्हणून प्रोसेसरात एक पायरी खाली उतरून वाचलेल्या पैशात चांगला एसएमपीएस व यूपीएस घेणे, यास आम्ही काटकसर म्हणत नाही. स्वस्त एसएमपीएस जळताना एकटा जळेलच असे नाही. यादीत त्याची ओळ नेहमी तळाशी व सर्वांत स्वस्त असते, ती आम्ही प्रथम खोडतो.

खरेदीस पुष्कळजण ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडला जातात. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदारास ते सांगितले तर तो गोंधळेल. तेथे दर घासाघीस करून मिळतात हे खरे. तथापि पहिल्याच दुकानात पैसे मोजू नयेत. तीन ठिकाणी तीच यादी दाखवून लेखी दर घ्यावेत, जीएसटीचे पक्के बिल मागावे, खोक्याचे सील आपल्यासमोर फोडावयास लावावे, आणि जुळणी झाल्यावर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचे नाव बिलाशी ताडून पाहावे. परतताना संध्याकाळच्या विरार गाडीत पेटी घेऊन चढण्याचे साहस मात्र करू नये, दुपारीच निघावे.

आता आमची निवड विचाराल तर, बेतास बात घरी आय-३ १२१००एफ अथवा रायझन ५ ५६००, व उरलेला पैसा कार्डात. मध्यम घरी एएम-५ वरचा रायझन ५ ७६००, म्हणजे पुढे बदलास वाव राहतो. कार्डाची किंमत प्रोसेसरच्या निदान दुप्पट असावी, हा आमचा अंदाजाचा नियम. नेमबाजीचेच खेळ खेळणाऱ्याने तो थोडा सैल करावा.

ज्यांच्या घरी संगणक आधीच आहे व मुलगा 'प्रोसेसर बदला' म्हणून हट्ट धरून बसला आहे, त्यांनी पैसे काढण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. खेळ चालू करून सेकंदास किती चित्रे येतात ती संख्या कागदावर लिहावी. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिपक्यांची संख्या कमी करावी, १०८० ची ७२० करावी, आणि त्याच जागी उभे राहून पुन्हा मोजावे. चित्रे बरीच वाढली, तर अडचण कार्डाची होती व प्रोसेसर निर्दोष आहे. तेवढीच राहिली, तर मुलाचे म्हणणे खरे असण्याचा संभव आहे. मात्र आधी पेटी उघडून पंख्यात साचलेली धूळ झाडावी, खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रांवर साठाची मर्यादा घातलेली नाही ना ते पाहावे, आणि मग पुन्हा एकदा मोजावे.